रेकॉर्डच्या दुकानात बँड ऐकायचा असेल तर बँडच्या नाही, दुकानाच्या मागे लाग

लीड्सला एमएससीसाठी आलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "इथले इंडी बँड रेकॉर्डच्या दुकानात फुकट किंवा अगदी स्वस्तात वाजवतात असं ऐकून होतो. सहा महिने झाले, एकही पदरात पडलेला नाही. नाव कळेपर्यंत तिकिटं संपलेली असतात. शिवाय तिकिटाबरोबर आल्बम घ्यावा लागतो आणि माझ्याकडे प्लेअर नाही. हे खरंच लाइव्ह असतं की चार गाण्यांची जाहिरात? एकट्याने गेलं तर विचित्र दिसेल का? कुणी दादा-ताई सांगेल का?"

दादा म्हणालास, पण मी आता काका आहे, त्यामुळे अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. दक्षिण इंग्लंडमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरमागे काढली. त्यातली शेवटची सात वर्षं दुकानातल्या कार्यक्रमांचा आवाजही मीच सांभाळायचो. आता पोट भरायला दुसरी नोकरी आहे, पण कार्यक्रम असला की अजूनही केबली गुंडाळायला जातो. म्हणजे माझं उत्तर दाराच्या आतल्या बाजूने आहे, तेवढं धरून वाच.

तुझी अडचण तिकिटं लवकर संपतात ही नाहीच. तू बँडचं नाव कानावर आल्यावर शोधाशोध सुरू करतोस, आणि दुकानातल्या कार्यक्रमाच्या बाबतीत ते वरातीमागून घोडं असतं. कारण हा कार्यक्रम मुळात कार्यक्रम म्हणून ठरतच नाही, आल्बमच्या विक्रीचा भाग म्हणून ठरतो. हे एकदा लक्षात आलं की तारखा, भाव, किती गाणी वाजतील, सगळ्याचा उलगडा होतो.

इथला अधिकृत आल्बम चार्ट, म्हणजे विक्री आणि ऑनलाइन ऐकण्यावरून लावलेली क्रमवारी, शुक्रवार ते गुरुवार अशा आठवड्याचा असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी जाहीर होतो. २०१५ च्या जुलैपासून नवे आल्बमही शुक्रवारीच येतात. म्हणजे आल्बम आल्यापासून बरोबर सात दिवस मिळतात. तरुण बँडचं ऑनलाइन ऐकलं जाणं मोठ्या पॉप गायकांच्या पासंगालाही पुरत नाही, पण त्यांचे चाहते सीडी आणि एलपी विकत घेतात, आणि तिथे काही हजार प्रतींनीही क्रमांकात मोठा फरक पडतो. मग त्या सात दिवसांत बँड व्हॅनमध्ये बसतो आणि आज एका गावात, उद्या दुसऱ्या, कधी एकाच दिवशी दोन दुकानांत वाजवतो. प्रत्येक तिकिटाबरोबर एक प्रत जाते आणि ती विक्रीत धरली जाते. तुझ्याच लीड्सच्या यार्ड अ‍ॅक्टचा पहिला आल्बम २०२२ च्या जानेवारीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. गिटार वाजवत अर्धवट बोलत, अर्धवट गात गोष्टी सांगणाऱ्या चार जणांनी तिथवर पोचणं हे अशा पायपिटीशिवाय होत नाही.

आता उलट मोज. आल्बम येतो शुक्रवारी, पण त्याची घोषणा दोन-तीन महिने आधी होते. प्री-ऑर्डर त्याच दिवशी उघडते, आणि बहुतेक वेळा दुकानातल्या कार्यक्रमांची यादीही तेव्हाच किंवा दोन-तीन आठवड्यांत येते. तुला पोस्टर दिसतं आल्बमच्या आठवड्यात. तोवर तिकिटं जाऊन दोन महिने झालेले असतात. म्हणून आवडत्या बँडचं नुसतं इन्स्टाग्राम बघत बसू नकोस. तीन-चार दुकानांच्या न्यूजलेटरमध्ये नाव घाल आणि आलेली मेल खरोखर वाच. आमच्याकडे मेल सकाळी दहाला जायची आणि चांगलं नाव असलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळ खलास. ज्यांना मिळायची ते काही फार मोठे चाहते नसायचे, ते मेल उघडणारे लोक होते.

कुठली दुकानं, हे तू राहतोस कुठे त्यावर. लीड्समध्ये असशील तर नशीबवान आहेस. द हेडरोवर क्रॅश रेकॉर्ड्स आहे, मेरियन सेंटरमध्ये जम्बो रेकॉर्ड्स आहे, आणि जम्बो तर १९७१ पासूनचं. दोन्ही दुकानं लहान, म्हणून मोठा बँड असेल तर बरेचदा दुकानाबाहेरच्या जागेत भरवतात. त्याला इथे 'आउटस्टोअर' म्हणतात. तिकीट दुकानाचं, आल्बम दुकानाचा, जागा दुसऱ्याची. लीड्समध्ये ती जागा कधी कधी ब्रुडेनेल सोशल क्लब असते. १९१३ साली कामगारांचा क्लब म्हणून सुरू झालेली, विद्यार्थ्यांच्या हाइड पार्क वस्तीत, बहुधा तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आउटस्टोअर ऐकून नाक मुरडू नकोस. दुकानातली जवळीक थोडी कमी होते, पण आवाज चांगला मिळतो आणि तिकिटं जास्त असतात. पहिला अनुभव घ्यायला तेच सोपं.

लंडनला येणं होणार असेल तर ब्रिक लेनजवळच्या जुन्या ट्रूमन ब्रुअरीतलं रफ ट्रेड ईस्ट हे ठरलेलं ठिकाण. ते २००७ सालचं, त्यात खरंखुरं स्टेज आहे. वॉटर्लूहून अर्ध्या तासावर किंग्स्टनला बँक्वेट रेकॉर्ड्स. ही मंडळी इतके कार्यक्रम भरवतात की मला कधी कधी वाटतं, दुकान हा त्यांचा जोडधंदा असावा. ब्रायटनला नॉर्थ लेनमध्ये रेझिडेंट. कार्डिफला गेलास तर १८९४ सालचं स्पिलर्स बघून ये. जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून त्याची ओळख आहे. तिथे कार्यक्रम नसला तरी जा.

एक आडवळण घेतो, कारण रफ ट्रेडचं नाव निघालं की मला राहवत नाही. हे दुकान १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये सुरू झालं. पुढे ते तिथेच जवळ टॅलबट रोडवर गेलं. त्या पत्त्याचा पिनकोड डब्ल्यू ११ १ जेए. दुकानातल्या मंडळींनी तिथूनच एक छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि नाव काय ठेवायचं म्हणून पिनकोडच उचलला. तीन एकांच्या जागी इंग्रजीतले तीन 'आय' घातले आणि झालं 'विजा'. मराठी माणसाला ते वाचून आभाळात कडकडाट ऐकू येतो, त्यांना त्याचा पत्ताही नसणार. तर या विजा लेबलवर लेस्टरचा एक बँड होता, कॉर्नरशॉप. त्यांचं १९९७ सालचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं आपल्या सांगलीच्या आशाताईंवर आहे आणि त्याचं रीमिक्स १९९८ च्या फेब्रुवारीत इथल्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यामुळे 'इंडी म्हणजे गोऱ्या पोरांची गिटारं, आपलं तिथे काय काम' असं तुझ्या मनात कुठे असेल तर ते काढून टाक.

पैशांचं बघू. फुकट कार्यक्रम पूर्वी बरेच असायचे, आता कमी झालेत. ते मिळतात मुख्यतः एप्रिलमधल्या रेकॉर्ड स्टोअर डेला. त्या शनिवारी बरीच दुकानं दिवसभर बँड बसवतात. लंडनच्या बर्विक स्ट्रीटवर तर रस्त्यातच स्टेज लागत आलंय. एरवी तिकीट अधिक आल्बम असंच असतं. सीडीबरोबर घेतलंस तर साधारण १३ ते १६ पाउंड, एलपीबरोबर घेतलंस तर २६ ते ३२. दुकानागणिक फरक पडतो. विद्यार्थ्याने बिनदिक्कत सीडी घ्यावी. 'प्लेअर नाही' ही अडचणच नाही. तीच सीडी कार्यक्रमानंतर सही करून घे, खोलीत भिंतीवर लाव नाहीतर घरी पाठव. काउंटरवर कोणीही तुला 'एलपी का नाही घेतली' असं विचारणार नाही, आणि विचारलंच तर ते दुकान सोड. काही दुकानं एका आल्बमवर दोन तिकिटं देतात. मित्राबरोबर निम्मे-निम्मे केलेस तर चित्रपटाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं.

तिकिटं संपली असली तरी आशा सोडू नकोस. डाइस अ‍ॅपवर जी तिकिटं विकली जातात त्यांना प्रतीक्षायादी असते. तीत नाव घाल, आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी दुपारी तिकिटं सुटतात. दुकान स्वतः विकत असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी तीन-चारच्या सुमारास सरळ फोन कर आणि कोणी परत केलं का विचार. आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाला आठ-दहा जण आल्बम घेऊन जायचे पण ऐकायला यायचेच नाहीत. आम्हाला आत जागा दिसायची, पण विचारणारा कोणी नसायचा.

त्याच दुपारची एक गंमत सांगतो. ती सगळीकडे चालत नाही, काही दुकानं साउंडचेकच्या, म्हणजे आधी आवाज तपासायच्या, वेळी बंद ठेवतात. पण आमचं उघडं असायचं. चारच्या सुमारास बँड ड्रम लावतोय, गायिका एकच ओळ सहा वेळा म्हणतेय, आणि दोन हातांवर एक आजोबा जॅझच्या खणात बोटं चालवतायत, त्यांना कशाचंच सोयरसुतक नाही. तुझी लेक्चरं नसतील तर त्या वेळी खरेदीला म्हणून जा. तिकीट लागत नाही.

आता तुझा मुख्य संशय: खरंच लाइव्ह असतं का? असतं, पण मैफल किती मोठी हे बँडवर आणि खोलीवर आहे. साधारण अर्धा तास ते पाऊण तास, सात ते दहा गाणी, बहुतेक नव्या आल्बममधली. जुनी हिट गाणी ऐकायची म्हणून जाऊ नकोस, पदरी निराशा येईल. काही ठिकाणी पूर्ण बँड असतो, काही ठिकाणी दोघंच अकूस्टिक गिटार घेऊन बसतात. जाहिरातीत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं, ते नीट वाच. माझं मत विचारशील तर दोघांचा कार्यक्रम बरेचदा पूर्ण बँडपेक्षा सरस ठरतो. त्याचं कारण दुकानाच्या खोलीत आहे.

रेकॉर्डचं दुकान हे वाजवायच्या दृष्टीने आडवं-तिडवं प्रकरण असतं. छत बुटकं, समोर काचेची दर्शनी भिंत. रॅकना चाकं असतात, ती आम्ही पाच वाजता भिंतीकडे ढकलतो आणि वर चादरी टाकतो. तेवढ्या जागेत ड्रमचा आवाज आपसूकच एवढा असतो की त्याला माइक लावायचा प्रश्नच येत नाही. उलट आम्ही बास ड्रममध्ये घोंगडी कोंबायचो. गिटारचे अँप, म्हणजे आवाज वाढवणारी खोकी, थेट खोलीत वाजतात, स्पीकरमधून फक्त गाणं येतं. म्हणजे मोठ्या सभागृहात सगळ्या आवाजांचं जे मिश्रण आवाजाच्या टेबलामागचा माणूस करतो, ते इथे तू कुठे उभा आहेस त्यावर ठरतं. गिटारच्या अँपचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तू बरोबर त्याच्या समोर उभा राहिलास तर घरी जाऊन म्हणशील की गाणं ऐकूच आलं नाही, आणि तुझ्यापासून चार पावलांवरचा म्हणेल की गिटार कुठे होती?

म्हणून पहिल्या रांगेचा हट्ट सोड. आपल्याकडे बैठकीत जाणकार माणूस तबलजीच्या मांडीला मांडी लावून बसत नाही, थोडा मागे, दोन्ही साथीदार सारखे ऐकू येतील असा बसतो. तसंच इथे. स्पीकरच्या उंचीवर कान येतील अशी जागा बघ, मधोमध, तिसऱ्या-चौथ्या ओळीत, नाहीतर सरळ आवाजाच्या टेबलाशेजारी. आम्ही स्वतःला ऐकू येईल असंच तर लावतो. तू बुटका असशील तर मात्र हे सगळं विसर आणि पुढे जा, कारण स्टेज फारतर गुडघाभर उंच असतं आणि तिसऱ्या ओळीतून तुला उंच इंग्रज माणसाचा स्वेटर दिसेल. आणि कानात घालायचे बोळे खिशात ठेव. खोली लहान आहे म्हणून आवाज लहान नसतो.

ही खोली किती कमी माणसांची असते याचा अंदाज यावा म्हणून एक प्रसंग. रेडिओहेडने २००८ च्या जानेवारीत रफ ट्रेड ईस्टमध्ये वाजवायचं ठरवलं. गर्दी एवढी लोटली की सुरक्षिततेच्या कारणाने शेवटच्या घटकेला सगळा कार्यक्रम ब्रिक लेनवरच्याच ९३ फीट ईस्ट या क्लबमध्ये हलवावा लागला. म्हणून मी म्हणतो की एवढ्या मोठ्या नावाच्या नादी लागू नकोस. ज्यांचा पहिला किंवा दुसरा आल्बम येतोय, ज्यांचं नाव तुझ्या वर्गात तिघांनाच माहीत आहे, त्यांच्याकडे बघ. तेच बँड दीड वर्षाने तू मोठ्या सभागृहात पन्नास मीटरवरून बघशील.

आणि चुका होतात, त्या तर बघण्यासारख्या असतात. एका हिवाळ्यात बँडचं तिसरं गाणं चालू होतं आणि मी मागच्या खोलीत चहासाठी किटली लावली. तीन किलोवॉटची किटली एकटीच जवळपास १३ अँपिअर खेचते, इथल्या प्लगमधला फ्यूजही १३ चा, आणि मी शहाण्याने ती लावली नेमकी त्याच एक्स्टेंशनवर जिच्यावर बासचा अँप आणि स्पीकर होते. फट्. बाहेर एकदम शांतता. मी हातात टी-बॅग घेऊन तसाच उभा. मग ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, नुसत्या हातांनी ताल धरला आणि गायक माइक बाजूला सारून पुढच्या ओळीतल्या पोरांच्या तोंडासमोर गात राहिला. फ्यूज बदलायला मला चार मिनिटं लागली असतील. दुकानात पुढे कितीतरी महिने लोक येऊन त्या चार मिनिटांबद्दलच बोलायचे. चहा मात्र आठवडाभर कोणी मला करू दिला नाही.

कधी जायचं तेही सांगून टाकतो. माझ्या अनुभवात जानेवारी-फेब्रुवारी आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सुगीचे महिने. उन्हाळ्यात बँड महोत्सवांच्या चिखलात असतात आणि डिसेंबरात दुकानांना नाताळच्या विक्रीपुढे श्वास घ्यायला फुरसत नसते. तू सप्टेंबरात आला असशील तर सुगीचे दोन्ही हंगाम तुझ्या हातून गेले. पण शरद ऋतूतल्या आल्बमांच्या घोषणा उन्हाळ्यातच होतात, म्हणजे प्रबंध लिहिता लिहिता मेलवर लक्ष ठेव.

थोडक्यात एवढं धर: चार दुकानांची मेल, पहिल्या-दुसऱ्या आल्बमचे बँड, तिकीट सीडीबरोबर, आणि संपलं असेल तर त्या दिवशी फोन. बाकीचं एकदा जाऊन कळेल.

राहिला एकट्याने जाण्याचा प्रश्न. आमच्या दुकानात येणाऱ्यांत निम्मे तरी एकटेच असायचे. कामावरून परस्पर आलेले, पाठीला सॅक. बँड यायच्या आधीची पंधरा मिनिटं माणूस मोबाईलऐवजी रेकॉर्ड चाळत उभा राहू शकतो अशी ही एकमेव जागा. कोणाशी बोलायचंच असेल तर शेजारच्याने कुठली रेकॉर्ड उचललीय ते विचार. इंग्रज माणूस हवामानानंतर या एकाच विषयावर अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलतो.

नंतर सह्यांची रांग लागते. दारावर मनगटाला पट्टी बांधतात ती काढू नकोस, काही ठिकाणी सहीसाठी तीच बघतात. रांगेत प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं, त्यामुळे भाषण तयार करू नकोस, कुठलं गाणं आवडलं एवढं सांग, त्यांना पुरतं. आणि आपलं नाव एका चिठ्ठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून समोर धर. त्यांना आपली नावं ऐकून लिहिता येत नाहीत, आणि हातात मार्कर धरून ते तासाभराचे थकलेले असतात. माझं नाव चार अक्षरी आहे. माझ्या घरी एक एलपी आहे, तिच्यावर त्यातली पहिली दोन उतरलीत, पुढे एक प्रश्नचिन्ह आहे आणि त्याखाली चौघांच्या सह्या.